डाव्या हाताच्या दहा चिमट्या

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते त्यांतल्या चुका शोधायला. वेळ जुळत नाही, साक्षीदार एकच आहे, सांगणारा आधीच घाबरलेला होता... असं काहीतरी मला हमखास सापडायचं. आमच्या घरात न मानण्याचीच परंपरा आहे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून देव, भूत, अंगारा, उतारा यांतलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. आत्मासुद्धा नाही. मी तिसरीत असताना शाळेच्या वाटेवरच्या चिंचेला भिऊन लांबच्या रस्त्याने जायला लागले, तर बाबांनी मला भर दुपारी त्याच चिंचेखाली बसवून एक अख्खा पेरू खायला लावला होता. पुढे मी अमरावतीला स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलं. तेव्हा पुढचं लिहिताना मला संकोच वाटतोय, हे समजून घ्या.

आम्ही आर्णीचे. बाबा तिथल्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की माल कसा आहे ते हाताने पाहून सांगायचं, हे त्यांचं काम. चिमूटभर कापूस घ्यायचा, सरकीवरून रुई सोडवायची, दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून ओढत, विंचरल्यासारखी सरळ करत आणायची आणि काळ्या कापडावर ठेवायची. काळ्यावर धाग्याची लांबी स्पष्ट दिसते. कापड म्हणजे जुन्या छत्रीचा एक तुकडा. बाबा डावखुरे होते, त्यामुळे ओढ डाव्या हाताची असायची. आणि त्यांची एक पद्धत होती... ढिगाच्या एकाच जागेवरून माल पाहायचा नाही. दहा जागांहून दहा चिमट्या घ्यायच्या, कापडावर दहा छोट्या ढिगल्या मांडायच्या आणि त्यांतल्या खराब बाजूला सारायच्या. बाकीचे दोन-तीन जागांवर भागवायचे. बाबांच्या दहा व्हायच्या तोवर गाडीवाला हॉर्न वाजवून बेजार व्हायचा.

त्यांचा आणखी एक स्वभाव सांगायला हवा. ते कुणालाच दुसऱ्यांदा आग्रह करत नसत. पाहुणा जेवायला बसला आणि ‘पुरे’ म्हणाला की बाबा भाकरीचं टोपलं बाजूला ठेवायचे. मम्मी वैतागायची, “अहो, लोकं पयल्यांदा नाहीच म्हणतात! पाहुणा उपाशी उठला न!”

“नाही म्हणला तं नाही,” बाबा म्हणायचे. “त्याच्या पोटाचं त्याले ठाऊक.”

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी अंगणात वाचत बसले होते. बाबा कामावरून आले ते खिशात कापूस घेऊन. शेजारी बसले, ते छत्रीचं कापड मांडीवर पसरलं आणि म्हणाले, “ये बाई, धागा पाह्यला शिक. मले येते तं तुले आलं पाह्यजे.”

मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, “बाबा, आता लॅबमध्ये मशीन सांगते हे सगळं. मी शिकून काय करू?”

त्यांनी कापडाची घडी केली आणि ते हात धुवायला गेले. पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी बाबा गेले. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि यवतमाळच्या रस्त्यालाच सगळं संपलं. भंतेजी आले, जलदान विधी झाला. मम्मीने त्यांचं सामान आवरलं. काळं कापड आणि त्या हंगामातले कागदात बांधलेले नमुने तुपाच्या जुन्या डब्यात भरून, डब्याला स्वतःच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून तो माळ्यावर ठेवला.

ऑगस्टमध्ये पुण्याच्या एका इन्व्हेस्टमेंट कन्सल्टिंग फर्मकडून ॲनालिस्टच्या जागेसाठी इंटरव्ह्यूचा मेल आला. अर्ज मी एप्रिलमध्ये केला होता. बाबांनी तेव्हा विचारलं होतं, “ॲनालिस्ट म्हंजे काय करतात वं?” मी म्हटलं, “कुणी एखाद्या धंद्यात पैसा घालणार असेल, तर तो धंदा कसा आहे ते तपासून सांगायचं.” बाबा हसले. “म्हंजे ग्रेडरच न!” मला ते तेव्हा फार आवडलं नव्हतं, हे कबूल करते.

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. मंगळवार, सकाळी अकरा. मम्मी अंगणवाडी सेविका आहे, ती साडेनऊलाच गेली होती. मी पुढच्या खोलीचं दार आतून कडी लावून बंद केलं, कारण शेजारच्या शेळ्या सरळ आत येतात. खिडकीला जाळी आहे. टेबल भिंतीला लावलेलं, त्यावर लॅपटॉप आणि पाण्याचा तांब्या, बाकी काही नाही. सुरुवातीला एका चौकटीवर टिक करावं लागलं — मी खोलीत एकटी आहे आणि कुणाची मदत घेणार नाही. मी टिक केली.

समोर दोघं होते. केतकी मॅडम, चाळिशीच्या, भराभर नोंदी घेणाऱ्या. आणि राव सर, साठीच्या आसपासचे, फारसं न बोलणारे. पहिला अर्धा तास बरा गेला. मग राव सरांनी केस दिली. एका क्लायंटला आमच्यासारख्याच कापसाच्या जिल्ह्यात जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना टाकायचा आहे. बाजार समितीतली पाच वर्षांची महिनावार आवक समोर आहे. कारखान्याला किती रुई मिळेल, याचा अंदाज कसा कराल?

मी पुस्तकातलं सगळं सांगितलं. हंगामी चढउतार, सरासरी, एखाद्या महिन्याची आकडेवारी नसेल तर काय करायचं. बोलता बोलता नोव्हेंबर ते एप्रिल सगळ्या क्विंटलांना मी एकच उतारा, म्हणजे क्विंटलमागे निघणाऱ्या रुईचं एकच प्रमाण, लावून मोकळी झाले.

राव सर म्हणाले, “म्हणजे मार्चमध्ये येणारा क्विंटल आणि नोव्हेंबरमध्ये येणारा क्विंटल तुम्ही सारखाच धरलाय. का?”

मी आर्णीची. ग्रेडरची मुलगी. फरदडीचा कापूस मी जन्मापासून पाहते आहे. मुख्य वेचण्या झाल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, न उपटता पाणी देऊन शेवटचा कापूस घेतात, ती फरदड. आखूड धाग्याची, किडकी, पिवळी कवडी, म्हणजे डागी कापूस, जास्त. मार्चच्या ढिगात ती असते, आणि कुणी घरात राखून ठेवलेला नोव्हेंबरचा चांगला मालही असतो, सगळा मिसळलेला. हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी काहीही आठवलं नाही. डोळ्यांसमोर फक्त बाबांनी केलेली कापडाची घडी आली आणि तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

आणि स्क्रीन गोठली. मॅडमचं पेन हवेत, राव सरांचे डोळे अर्धवट मिटलेले. मोबाइलचं नेट गेलं होतं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. काही दाबलं तर कॉलच तुटेल या भीतीने कशालाही हात लावला नाही. तीन-चार मिनिटं गेली असतील. मग चित्र हललं. मी घाईने म्हणाले, “सॉरी, माझं नेट—”

“नाही नाही, ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या पुढे झुकून बसल्या होत्या. “थँक यू. आम्हाला आता आणखी काही विचारायचं नाही.”

संपलं असं मी समजले. दुपारी मम्मीने कडी वाजवली तोवर मी तशीच बसलेली.

“झाला का वं पेपर?”

“पेपर नाही मम्मी, इंटरव्ह्यू.”

“तेच ते. काहून असं तोंड केलं?”

“एकच सोपा प्रश्न होता. बाबांचाच. तोच नाही आला.”

 मम्मीने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि मी पुरे म्हटल्यावर आणखी एक भाकरी वाढली.

गुरुवारी केतकी मॅडमचा फोन आला. माझी निवड झाली होती. “खरं सांगू का,” त्या म्हणाल्या, “आकडेवारीची उत्तरं सगळेच देतात. पण तुमचं ते कापसाचं... राव सर दोन दिवस तेच बोलतायत.”

“कापसाचं म्हणजे?”

“अहो, ते डेमॉन्स्ट्रेशन! आवाज येत नव्हता, कॅमेरा खाली झाला होता, तुमचा चेहराही दिसत नव्हता. नुसते हात. दहा छोट्या ढिगल्या मांडल्यात, त्यांतल्या तीन बाजूला सारल्यात. मग एक लांब धागा, एक आखूड धागा शेजारी शेजारी ठेवलात. एक शब्द नाही, आणि सगळं समजलं! ते कापड छत्रीचं होतं ना? कडेला शिवण दिसत होती.”

माझ्या हातातला फोन मी दुसऱ्या हातात घेतला, एवढं आठवतं.

“आणि तुम्ही डावखुऱ्या आहात ना? मी पण आहे, म्हणून लगेच लक्षात आलं.”

मी डावखुरी नाही. मी काहीतरी पुटपुटले. नेमणुकीचं पत्र मेलने येईल, सात दिवसांत होकार कळवा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मी आधी घाबरले नाही. खरं सांगायचं तर मला आधी कुतूहलच वाटलं, आणि मी तपासायला सुरुवात केली. दार आतून बंद होतं, ते मीच उघडलं होतं. खिडकीच्या जाळीला गंज चढलेला, ती हलत नाही. माळ्यावर चढून डबा पाहिला. लुगड्याच्या पट्टीची मम्मीची गाठ तशीच, झाकणावर धूळ, आणि धुळीवर बोटाची एकही खूण नाही. टेबलावर, फरशीवर कापसाचा एक तंतू नाही. मग वाटलं, हे माझ्याच हातून झालं असेल का? दुःखात माणूस काही करतो आणि विसरतो, असं मी वाचलं आहे. पण ऑगस्टमध्ये घरात कापूस येणार कुठून? डब्यातला सोडून? आणि मला ते येतं कुठे?

संध्याकाळी मम्मीला सांगितलं. तिने निवडायला घेतलेली भाजी खाली ठेवली.

“असं बोलू नोको,” ती एकदम कडक आवाजात म्हणाली. “आपल्यात आत्मा-फितमा नसते. तुह्या बापाले आवडलं नसतं.”

“मी कुठे आत्मा म्हणाले? त्यांनी काय पाहिलं ते सांगून राह्यली.”

“त्यायले दुसऱ्या कोनाचा इंटरव्ह्यू आठवला असन.”

“छत्रीच्या कापडाचा?”

मम्मी उठली. थोड्या वेळाने माळ्याखाली स्टूल सरकवल्याचा आवाज आला.  जेवताना ती म्हणाली, “डावा हात म्हणली का ती बाई?”

“हो.”

“नोकरी घे,” मम्मी म्हणाली. “मले काही ठाऊक नाही. तू घे.”

पण घ्यायची कशी? रोज पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी मी अडखळायला लागले. खोटं बोलणार नाही. जे उत्तर पाहून त्यांनी मला निवडलं ते माझं नव्हतं. तसं सांगावं तर दोनच अर्थ निघत होते. एक तर ही मुलगी वेडी, नाहीतर हिने खोलीत कुणाला तरी बसवलं होतं आणि चौकटीवर खोटी टिक केली होती. आमचं घर आता मम्मीच्या मानधनावर होतं. न सांगणं फार सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन रामधनकाकांकडे गेले. काका राठोड, आर्णीबाहेरच्या तांड्यावर राहतात. तीस वर्षं बाबांच्या शेजारी ग्रेडर होते. मी त्यांना एवढंच विचारलं, “काका, दहा चिमट्या घेणारं दुसरं कुणी आहे?”

“कोन घेते बेटी? एवढा टाइम कोनाले हाय? तुह्या बापाले म्या किती शिव्या देल्या. अन् त्याचा तो डावा हात! चहा प्याले बसलो की त्याचं कोपर मह्याच कपाले. तीस वर्सांत म्या आर्धा चहा शर्टावरच पेलो.” ते हसले, मग हसता हसता थांबले. “कायले इच्यारून राह्यली?”

“मला धागा पाहायला शिकवा.”

त्यांनी डबा आपल्याकडे ओढून घेतला. “तवा शिकली नाही. बाप घरात होता तवा.”

“नाही शिकले.”

काकांनी डब्यातला नमुना सोडला. मी ओढला की धागा मधेच तुटायचा, नाहीतर गुंता व्हायचा. काकांनी शेजारी बसून दहा वेळा दाखवलं. “अवं, वढू नोको! बोलाव त्याले. तो सोता येते.” सलग तीन दिवस गेले, तरी माझ्याने एक नीट झाला नाही. त्या दिवशी त्या टेबलावर जे झालं ते माझ्या हातांनी केलेलं नव्हतं, एवढं त्या तीन दिवसांत पक्कं झालं.

सहाव्या दिवशी मी मेल लिहिला. तुम्ही पाहिलेलं प्रात्यक्षिक माझं नाही. मला ते करता येत नाही. खोलीत माझ्याशिवाय कुणीही नव्हतं. मी याहून जास्त काही सांगू शकत नाही. शक्य असल्यास माझा इंटरव्ह्यू पुन्हा समोरासमोर घ्यावा, आणि शक्य नसल्यास नेमणूक रद्द समजावी. पाठवण्याआधी मम्मीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “पाठव. बापावर गेली.”

त्यांनी बोलावलं.

पुण्याच्या त्या ऑफिसात, काचेच्या खोलीत, राव सर मेलची प्रिंट समोर ठेवून बसले होते.

“कोण होतं खोलीत?”

“कुणी नव्हतं, सर.”

“मग हात कुणाचे?”

“मला माहीत नाही. तसे हात माझ्या वडिलांचे होते. ते जूनमध्ये वारले.”

राव सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. केतकी मॅडमनी लॅपटॉप वळवला. “इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग असतं. तुमचा मेल आल्यावर काढलं. आम्हीही अजून पाहिलेलं नाही.”

आम्ही तिघांनी पाहिलं. माझा चेहरा, राव सरांचा प्रश्न, माझं उघडं राहिलेलं तोंड. आणि मग तेच गोठलेलं चित्र. चार मिनिटं. कॅमेरा खाली झालेला नाही. हात नाहीत, कापड नाही, कापूस नाही. नुसती मी, तोंड उघडं. मग चित्र हललं आणि मी म्हणाले, “सॉरी, माझं नेट—”

राव सरांनी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा.  मॅडमनी आपली वही काढून त्या मंगळवारचं पान उघडलं. माझ्या नावाखाली पेनाने घाईत काढलेलं चित्र होतं. दहा लहान गोल, त्यांतले तीन बाणाने बाहेर काढलेले. खाली दोन रेघा, एक लांब, एक आखूड. आणि शेजारी: ‘लेफ्ट हँड!’

“मीसुद्धा पाहिलंय,” राव सर हळूच म्हणाले. ते बहुधा मला नाही, स्वतःलाच सांगत होते. त्यांनी पेल्यात पाणी ओतलं, पण ते प्यायले नाहीत. मग चष्मा लावला.

“बरं. ते राहू द्या. मार्चमधला क्विंटल आणि नोव्हेंबरमधला क्विंटल सारखा का नाही, ते सांगा.”

मी पिशवीतून छत्रीचं कापड काढून टेबलावर पसरलं. दोन पुड्या सोडल्या. उजव्या हाताने पहिला धागा ओढला, तो तुटला. दुसरा तुटला. तिसरा जेमतेम आला, वाकडा. फरदडीचा त्याच्याशेजारी ठेवला. मग तोंडाने सांगितलं... फरदड म्हणजे काय, मार्चच्या ढिगात चांगला माल कसा मिसळलेला असतो, म्हणून एका जागेवरून पाहून का चालत नाही, आणि शेवटच्या महिन्यांना उतारा लावण्याआधी बाजारात जाऊन दहा ठिकाणी हात का घालावा लागेल. वीसेक मिनिटं बोलले असेन.

“हे हाताने करणं तुम्हाला नीट येत नाही,” राव सर म्हणाले.

“नाही सर. शिकतेय.”

त्यांनी मेलच्या प्रिंटची घडी करून खिशात ठेवली. “तुमचा मंगळवारचा इंटरव्ह्यू मी रद्द समजतो. आजचा धरतो. एक तारखेला या.”

याला आता वर्ष होत आलं. मी तिथेच काम करते. रेकॉर्डिंग मी पुढेही पाहिलं, मोठं करून, एकेक चित्र थांबवून. त्यात काही नाही. वही मॅडमकडे आहे, त्यात ते चित्र आहे. दोन शहाणी माणसं एकाच वेळी तेच पाहतात आणि यंत्र ते पाहत नाही, याला काय म्हणायचं मला कळत नाही. इथल्या कुणाला सुचलं तर जरूर लिहा. माझं न मानणं मी अजून सोडलेलं नाही. फक्त आता दुसऱ्यांच्या अनुभवांतल्या चुका शोधण्यात पूर्वीसारखी मजा येत नाही.

एक प्रश्न मात्र मी राव सरांना विचारला नाही, मम्मीलाही नाही. त्या टेबलापाशी मी बसले होते. जे काही मांडलं गेलं ते माझ्यापासून वीतभर अंतरावर मांडलं गेलं असणार. पुण्यातल्या दोन परक्या माणसांना ते दिसलं. मग मला का दिसलं नाही?

खूप दिवस हे मनाला लागून राहिलं. मग गेल्या डिसेंबरमध्ये रजा घेऊन आर्णीला गेले, रामधनकाकांशेजारी बसून नव्या हंगामाचा पहिला धागा ओढत होते, आणि तो न तुटता आला, तेव्हा लक्षात आलं. मला एकदा विचारून झालं होतं. मी नाही म्हणाले होते. बाबा दुसऱ्यांदा कुणाला आग्रह करत नसत.